अमानत परत करण्याचे वय

मूल ही अल्लाहने आपल्या स्वाधीन केलेली अमानत आहे, हे विधान आपल्या घरांत आणि मजलिसींत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यातील मुख्य शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. जी वस्तू दुसऱ्याची आहे, जी काही काळापुरती आपल्याजवळ ठेवण्यात आली आहे आणि जी वेळ येताच काहीही कमी न करता परत करावयाची आहे, ती अमानत. सांभाळणे आणि परत करणे असे तिचे दोन भाग असतात. मुलांच्या तरबियतीविषयी आपण जे लिहितो, बोलतो आणि ऐकतो, ते बहुतेक सारे पहिल्या भागाविषयी असते. मुलाला काय शिकवावे, कोणत्या वाईट गोष्टींपासून दूर ठेवावे, कोणती संगत टाळावी, यावर व्याख्याने होतात. हात केव्हा आणि किती सैल करावा, याविषयी मात्र क्वचितच कोणी तोंड उघडते.

परत करावयाचे, पण कोणाला? शेवटचे परतणे अल्लाहकडे आहे आणि ते आपल्या हाती नाही. परंतु त्याच्या अलीकडे आणखी एक हवाली करणे आहे, आणि ते आई-वडिलांच्याच हाती आहे: मुलाला त्याच्या स्वतःच्या हवाली करणे. कयामतच्या दिवशी पिता पुत्राच्या कामी येणार नाही आणि पुत्र पित्याच्या कामी येणार नाही, हे पवित्र कुरआनने (सूरह लुकमान, आयत ३३) निःसंदिग्धपणे सांगितले आहे. प्रत्येकाने आपला हिशेब एकट्याने द्यावयाचा आहे. ज्याला उद्या एकट्याने हिशेब द्यावयाचा आहे, त्याची वही वयाच्या तिशीपर्यंत दुसऱ्यानेच लिहावी, हे न्यायाला धरून होईल काय? मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा आई-वडिलांचा अधिकार कोठून येतो, आणि तो संपतो केव्हा?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला अनाथांविषयीच्या एका आयतीत दिसते. सूरह अन्-निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या पालकांना आदेश आहे की मुले विवाहाच्या वयाला पोहोचेपर्यंत त्यांची परीक्षा घेत राहावे, त्यांच्यात समज आलेली दिसली की त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करावी, ती मोठी होऊन मागतील या धास्तीने घाईघाईने खाऊन टाकू नये, आणि हवाली करताना साक्षीदार ठेवावेत. उहुदच्या लढाईत सुमारे सत्तर मुसलमान शहीद झाले आणि मदीनेच्या लहानशा वस्तीत पोरक्या मुलांचा प्रश्न उभा राहिला. अनाथांविषयीचे हे आदेश अनेक भाष्यकार त्या परिस्थितीशी जोडतात.

या आयतीत दोन भिन्न गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. एक बुलूग, म्हणजे शरीराने वयात येणे. दुसरी रुश्द, म्हणजे नफा-नुकसान आणि बरे-वाईट ओळखून आपला व्यवहार आपण सांभाळण्याची समज. पहिली गोष्ट कोणी काही केले नाही तरी येते. दुसरी येते की नाही हे पाहावे लागते, म्हणून परीक्षेचा आदेश आहे. आणि क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: परीक्षा आधी, वय नंतर. वय झाल्यावर अचानक किल्ल्या हातात टाकून ‘आता तू मोठा झालास’ असे म्हणण्याची पद्धत या आयतीत नाही. आपल्या देशाच्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरविले आहे आणि राज्यव्यवस्थेला अशी एखादी रेषा आखणे भागच असते. पण घराला अठराव्या वाढदिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कोणी विचारील, की हा नियम पोरक्यांच्या मालमत्तेचा. ज्यांचे आई-वडील डोळ्यांसमोर आहेत त्यांच्याशी याचा काय संबंध? माझ्या मते संबंध जवळचा आहे. अनाथाच्या बाबतीत पालकाचा स्वार्थ आणि मुलाचे हित यांत अंतर पडण्याची शक्यता उघड दिसते, म्हणून तेथे कायदा कडक आहे. सख्ख्या आई-वडिलांच्या बाबतीत तेच अंतर प्रेमाखाली झाकलेले असते. पैसा खाल्ला तर लोक पाहतात. मुलाची निर्णयशक्ती, त्याची आवड, त्याचा वेळ आपण खाऊन टाकला तर कोणी साक्षीदार नसतो आणि ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द तयार असतात.

परीक्षा म्हणजे नेमके काय, हे फुकहांनी मोकळे सोडले नाही. इमाम नववी (रह.) यांचे निधन इ. स. १२७७ मध्ये झाले. त्यांचा ‘मिन्हाज’ हा ग्रंथ शाफई फिकहच्या अभ्यासात आजही पायाभूत मानला जातो, आणि कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकाचेच आहेत. त्या ग्रंथात या परीक्षेचा तपशील दिलेला आहे. व्यापाऱ्याच्या मुलाची परीक्षा खरेदी-विक्रीत आणि भावाच्या घासाघिशीत घ्यावी. शेतकऱ्याच्या मुलाची शेतीत आणि शेतावर राबणाऱ्यांवर होणाऱ्या खर्चात. कारागिराच्या मुलाची त्याच्या कसबात. मुलीची परीक्षा सूतकताईच्या कामात, आणि मांजरासारख्या प्राण्यांपासून घरातील अन्न राखण्यात. मांजराचा उल्लेख वाचून हसू येते खरे, पण सातशे वर्षांपूर्वीचा एक महान फकीह स्वयंपाकघरात डोकावून मुलीची समज कोठे दिसेल याचा विचार करतो, याचा अर्थ त्या मुलीच्या हातीही तिची मालमत्ता जावयाची आहे, हे त्याने गृहीत धरले आहे. परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही. समज आहे असे मन म्हणेपर्यंत ती दोनदा किंवा अधिक वेळा घ्यावी, असेही तेथे नमूद आहे.

सर्वांत सुंदर भाग पुढे आहे. वयात न आलेल्या मुलाने केलेला करार वैध ठरत नाही, मग परीक्षा घ्यावी कशी? उत्तर असे, की भावाची सारी घासाघीस मुलाने करावी आणि सौदा पक्का करण्याची वेळ आली की करार पालकाने करावा. पालक मागे उभा आहे, पण बोलत नाही. नंतरच्या शाफई भाष्यकारांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: परीक्षेसाठी मुलाच्या हाती दिलेली रक्कम त्याच्या हातून नष्ट झाली, तर पालकाला ती भरून द्यावी लागत नाही, कारण ती मुलाच्या हाती देण्याचा त्याला आदेशच होता. म्हणजे मुलाच्या हातून होणारे लहानसे नुकसान शरीअतने आधीच हिशेबात धरले आहे. अनाथाच्या पैशाच्या बाबतीत इतके कडक असलेले फिकह शिकण्यात गेलेल्या पैशाच्या बाबतीत इतके उदार आहे!

आपल्या घरांत अशी परीक्षा घेण्याची संधी वर्षातून दोनदा तर आपोआप येते. ईदच्या दिवशी नाना-नानी, चाचा, मामू, खाला मुलांच्या हातावर ईदी ठेवतात. संध्याकाळपर्यंत ती आईच्या कपाटात जाते आणि बहुतेक घरांत तिचा पुढे हिशेब लागत नाही. फिकहच्या दृष्टीने मुलासाठी म्हणून मुलाला दिलेली भेट मुलाच्या मालकीची होते. पिता तिचा रखवालदार असतो. (अकीक्याच्या वेळी नावाला बाळाच्या पण वस्तुतः आई-वडिलांसाठी आणलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी.) आठ वर्षांच्या मुलाला सारी रक्कम देऊन बाजारात सोडावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती त्याची आहे, किती आहे, कोठे ठेवली आहे हे त्याला सांगणे, तिचा काही भाग त्याच्या मर्जीने खर्च करू देणे, आणि त्याने तो दोन दिवसांत मोडणाऱ्या खेळण्यावर उडविला तर पुढच्या ईदपर्यंत त्याला त्या मोडक्या खेळण्याची सोबत भोगू देणे, ही रुश्दची पहिली इयत्ता आहे. त्याच पैशातून सदका किती द्यावा हेही त्याने ठरवावे. आई-वडिलांच्या खिशातून निघालेले नाणे त्याच्या हातून पेटीत टाकविल्याने दानाचा हावभाव तेवढा शिकविला जातो.

हवाली करण्याची ही वाट सुरू होते ती मात्र अगदी वेगळ्या जागेहून. पहिल्या वर्षांत मुलाकडून काहीच मागावयाचे नसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की तिघांवरून लेखणी उचललेली असते, आणि त्यांतील एक म्हणजे वयात न आलेले मूल (अबू दाऊद, तिर्मिजी). त्याच्या चुकांची नोंदच होत नाही. नमाज पढविताना मागच्या ओळीत एखादे बाळ रडू लागले तर त्याच्या आईची तगमग जाणून प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत (बुखारी), आणि सजद्यात असताना नातू पाठीवर चढला तर त्याचे मन भरेपर्यंत सजदा लांबवीत (नसाई). जमाअतला मुलासाठी थांबावे लागले. मुलाला जमाअतसाठी ओढून काढले गेले नाही. आपल्या काही मशिदींत चार वर्षांच्या मुलाला पहिल्या रांगेतून दंडाला धरून मागे नेले जाते, ते पाहताना या दोन हदीसांची आठवण होते.

पण लेखणी उचललेली असली तरी हक्क उचललेले नाहीत. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आहे. प्रेषितांच्या (स.) समोर पेय आणले गेले. त्यांच्या उजव्या हाताला एक लहान मुलगा होता आणि डावीकडे वडीलधारी मंडळी. रिवाज उजवीकडून देण्याचा. प्रेषितांनी (स.) त्या मुलाला विचारले की या वडीलधाऱ्यांना आधी दिले तर तुझी परवानगी आहे काय? मुलाने नाही म्हटले. आपल्या हाताने मिळणारा वाटा मी कोणालाही सोडणार नाही, अशा आशयाचे त्याचे उत्तर होते. आणि प्रेषितांनी (स.) पेला त्याच्याच हातात दिला (बुखारी). आपल्या बैठकीत हा प्रसंग घडला असता तर काय झाले असते? मुलाला विचारलेच गेले नसते. विचारले असते आणि त्याने नाही म्हटले असते, तर ‘अदब’ या शब्दावर त्याला दोन वाक्ये ऐकावी लागली असती आणि पेला मोठ्यांकडे गेला असता. ज्याला नाही म्हणता येणार नाही त्याला परवानगी विचारणे हे नाटक असते, आणि नाटक ओळखण्यात मुले मोठी तरबेज असतात.

खरे बोलण्याच्या बाबतीतही मुलाचा दर्जा प्रौढाएवढाच धरला आहे. एका मातेने मुलाला ‘ये, तुला काही देते’ असे म्हणून बोलावले. प्रेषितांनी (स.) विचारले, काय देणार होतीस? तिने खजूर सांगितले. ते दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला सांगितले (अबू दाऊद). मुलाची लेखणी उचललेली असताना त्याच्याशी बोलणाऱ्या आईची लेखणी मात्र चालू आहे.

सातव्या वर्षी पहिली मागणी येते. सात वर्षांच्या मुलांना नमाज पढण्यास सांगावे, ही हदीस सर्वांना पाठ आहे. तिच्यातील दहा वर्षांनंतरच्या शिक्षेचा भाग तर अनेकांना त्याहून अधिक पाठ आहे. या दोन वयांमधील तीन वर्षांकडे मात्र कोणी पाहत नाही. चांद्रवर्षाचे ३५४ दिवस धरले तर तीन वर्षांत १,०६२ दिवस होतात आणि दिवसाला पाच प्रमाणे ५,३१० नमाजा. पाच हजारांहून अधिक वेळा शांतपणे, मारहाणीविना, आठवण करून देण्याचा हा आदेश आहे. एवढ्या वेळा जो पिता मुलाला सोबत घेऊन उभा राहिला, त्याच्यावर पुढच्या उपायाची वेळ क्वचितच येईल. आणि जो सात ते दहा या काळात स्वतः फज्रला उठला नाही, त्याने हदीसीचा उत्तरार्ध तेवढा उचलणे हा हदीसीशी अन्याय आहे. त्या उत्तरार्धावरही विद्वानांनी कडक मर्यादा घातल्या आहेत: इजा होऊ नये, चेहऱ्याला स्पर्श होऊ नये, रागाच्या भरात तर नाहीच. प्रेषितांनी (स.) स्वतः कधी कोणा स्त्रीवर वा सेवकावर हात उगारला नाही, ही हजरत आयशा (रजि.) यांची साक्ष आहे (मुस्लिम). हजरत अनस (रजि.) यांनी बालपणापासून दहा वर्षे त्यांची सेवा केली, आणि त्या काळात ‘हे का केलेस’ असेही त्यांना ऐकावे लागले नाही (बुखारी, मुस्लिम).

इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त विद्यार्थ्यांवरील कठोरतेविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे असे, की जबरीखाली वाढलेल्या मुलाचा उत्साह मरतो, ते आळशी होते, आणि हात उगारला जाईल या भीतीने मनात एक ठेवून बाहेर दुसरे दाखविण्यास शिकते. हे ढोंग पुढे त्याचा स्वभाव बनते. मक्तबमध्ये छडीच्या धाकाने सबक पाठ करणारे मूल आपण पाहिलेले असते. धडा पाठ होतो, यात वाद नाही. सोबत आणखी काय पाठ होते, एवढाच इब्न खल्दून यांचा प्रश्न आहे. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. ‘मुकद्दिमा’ वाचलेल्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

दख्खनेत चार वर्षे, चार महिने, चार दिवस झाले की बिस्मिल्लाहचा समारंभ करण्याची जुनी रीत आहे. ती शरीअतची अट नाही, रिवाज आहे, पण रिवाजात एक शहाणपण होते: त्या दिवसाआधी कोणी मुलाला अक्षरांच्या मागे लावत नसे. आज साडेतीन वर्षांचे मूल सकाळी नर्सरीत, दुपारी अरबीच्या बाईंकडे आणि संध्याकाळी शिकवणीला जाते. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये मक्तबहून परतलेल्या मुलाला मनसोक्त खेळू देण्याचा आग्रह धरला आहे, खेळ रोखून सतत शिक्षणच लादले तर मुलाचे मन मरते, बुद्धी बोथट होते आणि ते सुटकेच्या युक्त्या शोधू लागते, असा त्यांचा इशारा आहे. आपण अक्षरांची घाई करतो आणि जबाबदारीला उशीर करतो. चौथ्या वर्षी त्याला वाचता आले पाहिजे. चौदाव्या वर्षीही दुकानातून सामान आणताना हिशेब त्याला विचारावयाचा नाही.

दहाव्या वर्षानंतरचा काळ मला सर्वांत नाजूक वाटतो. याच वयात मुलांची अंथरुणे वेगळी करण्याचा आदेश आहे, आणि याच्या आसपास सूरह अन्-नूरच्या ५८ व्या आणि ५९ व्या आयती येऊन पोहोचतात. वयात न आलेल्या मुलांनी फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर मोठ्यांच्या खोलीत येताना परवानगी घ्यावी. वयात आल्यावर मात्र प्रत्येक वेळी घ्यावी. तीन वेळांपासून सर्व वेळांपर्यंत हा प्रवास मुलाला एकदम करावा लागत नाही. एक दार आधी दिवसातून तीनदा बंद असते, पुढे त्यावर नेहमीच टकटक करावी लागते. मर्यादेचे शिक्षण इतक्या साध्या, रोजच्या वस्तूतून दिले आहे. दोन खोल्यांच्या घरात हे कसे पाळावे, ही अडचण खरी आहे. तेथे पडदा आणि आवाज दाराचे काम करतात. अधिक अवघड प्रश्न दुसराच आहे. दार दोन्ही बाजूंनी दार असते. जो मुलगा, जी मुलगी आता आपल्या खोलीत परवानगीने येते, तिच्या वहीत, तिच्या पत्रात, तिच्या फोनमध्ये आपण कोणाच्या परवानगीने शिरतो? लहान मुलाच्या हाती फोन देऊच नये, दिला तर डोळ्यांसमोर द्यावा, यात मला शंका नाही. परंतु सतरा वर्षांच्या मुलीचा फोन रात्री चोरून उघडणे ही देखरेख नव्हे. इतरांचे दोष हुडकत फिरण्यास सूरह अल्-हुजुरातने (आयत १२) मनाई केली आहे, आणि त्या मनाईत ‘स्वतःची अपत्ये सोडून’ असा अपवाद दिसत नाही. भय असेल तर समोर बसवून विचारावे.

विचारण्याचा सर्वोच्च नमुना हजरत इब्राहीम (अलै.) यांचा आहे. स्वप्नात पुत्राच्या कुर्बानीचा संकेत झाला. पैगंबराचे स्वप्न, अल्लाहचा आदेश. त्यात सल्लामसलतीला वाव तो काय? तरीही पित्याने पुत्राला स्वप्न सांगितले आणि तुझे मत काय ते पाहा, असे म्हटले (सूरह अस्-साफ्फात, आयत १०२). कुरआनने तेथे पुत्राचे वयही सांगितले आहे: जेव्हा तो पित्यासोबत धावपळ, कामधाम करण्याजोगा झाला तेव्हा. म्हणजे ज्या वयात मूल आपल्या कामात हात लावू लागते, त्या वयात ते आपल्या सल्ल्यातही यावयास हवे. आपण दहावीच्या निकालानंतर शाखा निवडताना मुलाला काय विचारतो ते प्रत्येकाने आठवून पाहावे. ‘सायन्स घेतोस ना?’ हा प्रश्न असतो की निकाल, हे उत्तर देणाऱ्याला कळते.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. काळ वाईट आहे, आई म्हणते. रस्त्यावर मुलगा कोणाच्या नजरेत येईल, कोणत्या भांडणात ओढला जाईल, त्याच्या नावावरून त्याच्याकडे कसे पाहिले जाईल, याची धास्ती आपल्या वस्त्यांतील मातांना जितकी आहे तितकी इतरांना कदाचित समजणार नाही. मुलगा रात्री दहापर्यंत परतला नाही की तिचा जीव थाऱ्यावर नसतो. या भीतीला भ्रम म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण भीतीचे उत्तर सर्वच दारे बंद करणे नाही, हे हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या हकिकतीवरून दिसते. उहुदच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते, प्रेषितांपुढे (स.) त्यांना आणले गेले आणि त्यांना परत पाठविण्यात आले. खंदकच्या वेळी पंधरा वर्षांचे असताना परवानगी मिळाली (बुखारी, मुस्लिम). नकारही येथे आहे, आणि तो मुलाच्या जिवासाठीच आहे. मात्र तो नकार त्या वेळेपुरता होता. मुलाला कळले की आज नाही; तो पुन्हा आला आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिले गेले. आपल्या घरांतील पुष्कळशा नकारांना तारीख नसते. ‘अजून लहान आहेस’ हे वाक्य बाराव्या वर्षी ऐकलेला मुलगा ते विसाव्या वर्षीही ऐकतो, आणि मग एके दिवशी तो विचारणेच सोडून देतो. ज्या दिवशी तो विचारणे सोडतो, त्या दिवसापासून त्याच्याविषयी आपल्याला सर्वांत कमी माहिती असते.

मुलींच्या बाबतीत गोष्ट उलटी होते. तेराव्या-चौदाव्या वर्षी ती धाकट्या भावंडांना सांभाळते, आजारी आजीला औषध देते, महिनाअखेरीस डब्यातील तांदूळ किती दिवस पुरेल ते अचूक सांगते. इमाम नववींच्या कसोटीला ती केव्हाच उतरलेली असते. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या या मुलीच्या हवाली मात्र काहीच केले जात नाही. शिक्षण कोठवर, कोणत्या गावी, आणि निकाह कोणाशी, याचे निर्णय तिच्या भोवती होतात. हजरत खन्सा बिन्त खिदाम (रजि.) या पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रीचा निकाह तिच्या पित्याने तिच्या इच्छेविरुद्ध लावला, तिने प्रेषितांकडे (स.) दाद मागितली आणि तो निकाह रद्द झाला (बुखारी). कुमारिकेचीही अनुमती विचारावयाची आहे, आणि ती लाजून गप्प राहिली तर त्या मौनालाच होकार मानावे, असे हदीसीत आहे. ही सवलत लाजणाऱ्या मुलीच्या सोयीसाठी आहे. जिला लहानपणापासून कधी काही विचारलेच गेले नाही, तिच्या मौनाचा अर्थ तसाच लावता येईल काय, याचा विचार निकाहाच्या वकिलाने आणि साक्षीदारांनीही करावयास हवा.

आणि रुश्द आलाच नाही तर? हा प्रश्नही फुकहांनी टाळला नाही. वयात आलेल्या पण समज न आलेल्या मुलाची मालमत्ता २५ वर्षांपर्यंत राखून ठेवावी आणि त्यानंतर समज दिसो न दिसो, ती त्याच्या हवाली करावी, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत. या वयाचा पुरुष आजोबासुद्धा होऊ शकतो, त्याच्यावर निर्बंध घालण्याची मला लाज वाटते, अशा आशयाचे त्यांचे बोल सांगितले जातात. त्यांचेच दोन थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.), यांना हे पटले नाही, समज दिसेपर्यंत मालमत्ता देऊ नये, मग वय कितीही होवो, असे ते म्हणाले. गुरू माणसाच्या स्वातंत्र्याकडे पाहतो आहे, शिष्य त्याच्या मालमत्तेकडे. ज्यांच्या घरी पंचविशी ओलांडलेला मुलगा आहे, ज्याच्या फोनचा रिचार्ज अजून वडील करतात आणि ज्याच्यासाठी आई दार उघडायला रात्री जागते, त्यांना हा वाद पुस्तकी वाटणार नाही. मला स्वतःला इमाम अबू हनीफांचे मत अधिक जवळचे वाटते. दोन्ही पक्षांनी मात्र एक गोष्ट धरूनच चालविली आहे, की पंचविसाव्या वर्षाच्या कितीतरी आधी, बाजारात, शेतात किंवा चुलीपाशी, त्या मुलाच्या हाती कोणीतरी थोडे पैसे ठेवले होते, आणि मागे उभे राहून त्याला घासाघीस करू दिली होती.